सुजलेल्या बोटातलं जोडवं

आमच्या घरमालकीण रत्नामावशी बसलेल्या मी क्वचितच पाहिल्यात. नांदे गावातल्या त्यांच्या भातखाचरांवर आता इमारती आहेत आणि घराच्या वरच्या खोल्यांत माझ्यासारखे हिंजवडीला नोकरीसाठी जाणारे भाडेकरू. शेती सुटली, पण मावशींचं राबणं काही सुटलं नाही. पहाटेपासून ओट्याशी उभं राहून त्या आम्हा सगळ्यांचे डबे करतात. त्यांचे यजमान बहिरूकाका बाहेरून चहा मागतात. मला काकांचा राग यायचा. पण परक्याच्या संसारात तोंड घालून आपण कशाला वाईट व्हायचं, म्हणून गप्प बसायचे.

उन्हाळ्यात मावशींना रक्तदाबाची गोळी सुरू झाली. दाब उतरला, पण पाय सुजले आणि बोटातलं जोडवं रुतायला लागलं. "काढून ठेवा की," म्हटलं, तर माझ्यावरच उसळल्या.

"धनी जिता असताना जोडवं उतरू? काय बोलतीस पोरी!"

मग कुणाला न सांगता त्यांनी गोळीच बंद केली. गोळी गेली की सूज जाईल, सूज गेली की जोडवं सैल होईल, असा त्यांचा विचार. एका रविवारी पीठ मळता मळता त्यांनी डोकं धरलं आणि तिथेच खाली बसल्या. डोळ्यांपुढे अंधारी. काकांनी आणि मी त्यांना रिक्षात घालून बावधनच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरबाईंनी दाब मोजला, पुन्हा मोजला, आणि गोळीचं विचारलं. मावशींनी खरं काय ते सांगून टाकलं.

"मावशी, अंगात बारीक रक्तवाहिन्या असतात," बाई म्हणाल्या. "त्या आवळल्या की दाब चढतो, सैल झाल्या की उतरतो. गोळी त्यांना सैल करते. मग पुढच्या केसाहून बारीक वाहिन्यांत रक्ताचा जोर वाढतो आणि त्यांच्यातून पाणी बाहेर झिरपतं. तुम्ही दिवसभर उभ्या, म्हणून ते पायात साचलं. चाललं की पोटऱ्या रक्त वर ढकलतात, नुसतं उभं राहून ते होत नाही. सूज आली तर गोळी बदलून घ्यायची, परस्पर सोडायची नाही. आज मेंदूतली एखादी वाहिनी फुटली असती."

मग त्यांनी बोट पाहिलं. जांभळं पडलं होतं, जोडवं मांसात बुडालं होतं. "रक्त आणणारी वाहिनी जाड असते, ती अजून आणतेय. परत नेणाऱ्या नाजूक, त्या जोडव्यानं दबल्यात, म्हणून गोळी सोडूनही या बोटाची सूज उतरली नाही. हे आजच कापायला हवं, नाहीतर बोट जाईल."

"म्हंजी खाचरात पाणी येतंय, पर मोरी बुजलीया," मावशी पुटपुटल्या. कळलं होतं सगळं. तरी बाईंनी कटर हातात घेताच त्यांनी पाय पोटाशी ओढला.

"बोट गेलं तरी चालंल. यांचं काय बरंवाईट झालं म्हंजी?"

माझं डोकंच फिरलं. शिकल्यासवरल्यासारखं काहीतरी लागट बोलणार होते, तेवढ्यात काका उठले.

"द्या हिकडं. माझ्या नावाचं हाय ना ते? मग मीच तोडतो."

"अवो, असं करू नका."

"माझं मराण तुज्या बोटात न्हाई बसल्यालं. तुजं मातर बसलंय."

काकांनी बाईंच्या हातून कटर घेतला. बाईंनी बोट धरलं, काकांनी चांदी कापली. मावशी तोंडावर पदर घेऊन रडत राहिल्या.

गोळी बदलून घरी आलो. पाय उशीवर ठेवून पडून राहायचं, असं सांगितलं होतं. भर दिवसा असं पडायची मावशींना लाज वाटत होती; दारावरून कुणी गेलं की त्या लुगडं सारखं करायच्या. मग एकदाच म्हणाल्या, "लई दमले गं मी." एवढंच. ते ऐकून मलाच थकल्यासारखं झालं.

आत डबे उघडल्याझाकल्याचा आवाज येत होता. काही वेळानं काका स्वयंपाकघराच्या दारात आले.

"पीठ कुटं असतंय?"

जन्म गेला या घरात दोघांचा. मावशी सवयीनं पाय खाली सोडून उठायला लागल्या.

"पाय वर!" काका ओरडले. "तोंडानं सांग नुसतं."