श्रीकांतची वाघाटी

श्रीकांत गेल्याचं वहिनींनी फोनवर सांगितलं, तेव्हा मी तांजोंग पगारच्या ऑफिसात लिफ्टची वाट बघत होतो. "भावजी, हे गेले हो..." एवढंच. हृदयानं दगा दिला. लिफ्ट आली, गेली, मी तिथंच. महिना झाला, पण फोनमधला त्याचा नंबर अजून पुसवत नाही.

नोकरी तांजोंग पगारला जहाज कंपनीत, फ्लॅट जुरोंग ईस्टला आणि जीव अडकलेला पश्चिमेकडच्या रानात. तिथं वाघाटी आहे. मांजराएवढी, अंगभर ठिपके; या बेटावर मोजक्याच उरल्यात. अभ्यासकांनी तिच्या वाटेवर झाडाला कॅमेरा बांधला होता, समोर काही हललं की फोटो निघायचा. त्याचं कार्ड दर शनिवारी सकाळी बदलायचं काम श्रीकांतनं हौसेनं घेतलेलं. मी सोबतीला. "तू फक्त पोहे आण आणि तोंड बंद ठेव," म्हणायचा.

तोंडच बंद ठेवलं नाही मी! एकदा वाघाटीचा फोटो मिळाला, तोंडात उंदीर, काय तो रुबाब! मी तो आपल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर टाकला आणि शहाण्यासारखी जागाही लिहिली. झालं! रविवारी सात कुटुंबं बटाटेवडे, थर्मास घेऊन हजर. "अंकल, टायगर व्हेअर लाह?" म्हणत पोरं झाडीत घुसली. त्यानंतर त्या कॅमेऱ्यात वाघाटी आली नाही. श्रीकांत चार शिव्या हासडता तर बरं झालं असतं. तो नुसतं म्हणाला, "जाऊ दे रे. येईल परत." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग शनिवारी माझी कामं निघायला लागली. फोनवर विचारलं, की म्हणायचा, "माझी काळजी नको, जोडीला कॉलेजची पोरं असतात." मलाही तेवढंच ऐकायचं होतं.

परवा वहिनींनी त्याच्या खणातली कार्डं माझ्यापुढं ठेवली. "तुम्हालाच कळेल यातलं." वर्षभराची कार्डं एका बैठकीत पाहिली. रानडुक्कर, घोरपड, कोंबड्या... वाघाटी नाहीच. दर शनिवारचा एक फोटो मात्र चुकलेला नाही: कॅमेऱ्यापाशी वाकलेला श्रीकांत, घामानं निथळणारा. शेवटच्या दोन-तीन फोटोंत तर खोडाला धरून दम खातोय. मागं-पुढं कुणी नाही. एकाही फोटोत कुणी नाही! मला बरं वाटावं म्हणून खोटं बोलत राहिला लेकाचा.

एकदा "चल रे" म्हणाला असता तर... पण त्यानं कशाला म्हणायला हवं होतं? शनिवार मलाही ठाऊक होता.