पिंपळवंडीच्या पावसाची जबाबदारी

आळेफाट्याला गाडी थांबवून आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सगळ्यांना चहा पाजला. मी जर्मनीला निघाले होते आणि मला फाट्यापर्यंत सोडायला पिंपळवंडीहून अर्धी भावकी आली होती. आईने घरून निघताना हातावर दही दिलं होतंच, तरी फाट्यावर तिने पुन्हा शेंगदाण्याच्या चटणीची पिशवी बॅगेत कोंबली. आमच्या बागेला ज्यांची बाग लागून आहे ते दिनूतात्या, आबांचे चुलतभाऊ, बशीत चहा ओतत म्हणाले, "काय शिकाया चाललीस म्हनं?" मी तोंड उघडायच्या आत आबा म्हणाले, "आभाळाचं. आता आपल्याला पावसाचं कुनाला इचाराया नको." सगळे हसले. गाडी माळशेजच्या रस्त्याला लागली आणि माझ्या डोक्याला जन्माचा ताप लागला.

कारण मी पावसाचं काम करतच नाही. एकदाचं लिहूनच टाकते, म्हणजे गावाकडचे वाचतील आणि माझ्यासारखे बाहेर गेलेले निदान मान तरी डोलावतील. शिकून मी इथेच ज्या ऑफिसात लागले, तिथे वातावरणाचं कॉम्प्युटर मॉडेल चालतं. जमिनीपासून वरपर्यंतच्या हवेचे एकावर एक थर पाडायचे, प्रत्येक थराच्या चौकटी करायच्या आणि एका चौकटीतली हवा पुढे कशी वागेल याचं गणित करायचं. माझ्याकडे वरचे थर आहेत. ढगांच्या वर, विमानांच्याही बरंच वर. तिथे पाऊस नाही, गारा नाहीत, द्राक्षं तर नाहीतच. तिथले वारे सावकाश दिशा बदलतात, आणि ते का बदलतात यावर मी भांडून भांडून केस पिकवले.

आणि खालच्या थराचं काय सांगू? आमच्या मॉडेलच्या चौकटी एवढ्या मोठ्या, की जुन्नर आणि आंबेगाव हे दोन्ही तालुके एकीतच मावतात. घाटमाथ्याचे डोंगर आणि आमची सपाटी यांची सरासरी काढून त्या चौकटीला एकच उंची दिलेली. त्या हिशेबाने आमचं घर जमिनीखाली गेलंय. आई स्वयंपाक करते ते पाताळात. हे मी आबांना एकदा समजावून सांगितलं. ते म्हणाले, "बरं. मंग पाऊस कधी हाय?"

दर रविवारी फोनवर हाच प्रश्न. दर रविवारी माझं तेच उत्तर: आबा, मला माहीत नाही. कधी नीट, कधी ओरडून. शेवटी त्यांनी विचारणं बंद केलं. मला वाटलं, समजलं एकदाचं. वेडीच मी!

सुट्टीत गावी गेले की मात्र विचित्र अनुभव यायचे. वारूळवाडीच्या मावशी म्हणाल्या, "तू सांगितलं म्हून कांदा झाकला बाई, वाचला." दुसरा एक जण देवळापाशी तोंड वाकडं करून म्हणाला, "लई शिकलीस, पर आमचा टमाटा भिजवलास." मला वाटायचं, थट्टा करतात.

मग या द्राक्षाच्या हंगामात दिनूतात्यांचा फोन आला. मी मीटिंगमध्ये होते. गावाकडून अवेळी फोन, म्हणून बाहेर धावले. तात्यांचा आवाज बसलेला. "मने, पाऊस झाला गं. द्राक्षाचं मनी तडकलं सगळं. यापारी बागंत येऊन माघारी गेला."

"अरेरे," मी म्हटलं.

"आगं, मी माल काढनारच व्हतो. पर आबा म्हनला, पोरीचा फोन आला व्हता, हा आठवडा कोरडा जातोय, साखर भरू दे. तू सांगितलंस म्हनून थांबलो."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. एवढी वर्षं आबा चहाच्या टपरीवर बसून, आभाळाकडे बघून स्वतःचे अंदाज माझ्या नावाने खपवत होते! बरोबर आले तर पोरगी हुशार, चुकले तरी पोरगीच. 'मी असं काही बोललेच नाही' हे वाक्य माझ्या अगदी ओठावर आलं. खरं होतं ते. पण ते उच्चारलं असतं, तर आबा दुसऱ्या दिवशी त्या टपरीवर कोणत्या तोंडाने बसले असते? आणि दोन बागांमधला बांध पुन्हा कधी कुणी ओलांडला असता?

"तात्या," मी म्हटलं, "चुकलं माझं."

"आसू दे गं," तात्या म्हणाले. "देवालाबी कळत न्हाई. पर पुढच्या बारीला जरा नीट बघ."

नीट बघ! मी लगेच आबांना फोन लावला आणि जेवढं येतं तेवढं बोलले. माझ्या नावाने लोकांची पिकं घालवता? तात्यांना काय तोंड दाखवू? आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तात्याचं चुकलंच माझ्याकडनं. त्याला मी जाऊन सांगतो. पर मने, लोक इचारत्यात गं. आईचं आपरेशन झालं तवा पोरगी न्हाई, सनाला न्हाई. येवढ्या लांब बसून करती काय? मंग मी काय सांगू? सांगतो, तिथनं आपलंच आभाळ बघती म्हून."

राग होताच, अजूनही आहे. पण रडू आलं ते रागाचं नव्हतं.

आबा तात्यांकडे गेले, खरं सांगून आले. तात्या महिनाभर बोलले नाहीत, मग आपणहून चहाला आले. आता दर रविवारी मी कुणालाही मोबाईलवर दिसतो तोच अंदाज आबांना वाचून दाखवते. आबा म्हणतात, "त्ये हितंबी दिसतंय. तू तुझं सांग." मी कपाळावर हात मारते आणि तरी मॉडेलमधल्या आमच्या गावाच्या त्या चौकटीवर काय चाललंय ते बघून येते.

जगात एवढ्या ठिकाणी पाऊस पडतो, त्याचा जाब मला कुणी विचारत नाही. पिंपळवंडीत चार थेंब पडले की फोन वाजतो, "मने, ह्ये काय केलंस?" वैतागते मी. पण ज्या दिवशी तो फोन यायचा थांबेल, त्या दिवशी मी खरी परदेशात गेलेली असेन.