साळूबाईचा खरा रंग

स्थळाला पाठवलेल्या फोटोत स्टुडिओवाल्यानं योगिनीला गोरं केलं होतं. लग्नानंतर सासूनं "फसवलं आम्हाला" म्हणून वर्षभर टोमणे मारले. तेव्हापासून हर्सूलच्या आपल्या फोटोच्या दुकानात निगेटिव्ह स्कॅन करताना ती आधी रंगपट्टीवर मशीन जुळवून घ्यायची अन् माणसाचा खरा रंगच काढायची.

गावातल्या गोकुळनं मेलेल्या आईची, साळूबाईची निगेटिव्ह आणली. स्क्रीनवर उन्हात रापलेली काळीसावळी बाई हसली.

"ताई, लई काळी दिसती. श्रद्धांजलीच्या बॅनरवर लावायचीय, गोरी करा."

"आई तुझीच व्हती ना? नाय करणार, जा."

तो शेजारच्या दुकानात गेला.

दहाव्याला चौकात गोऱ्यापान बाईचं बॅनर झळकलं. त्याखाली साळूबाईचा नवरा पुंजाराम हार घेऊन उभा होता. त्यानं तिथून जाणाऱ्या योगिनीला विचारलं, "पोरी, आमच्या साळूचा फोटो कुठं लावलाय गं?"