दोन हात साखळी

कुंभारीच्या केराबाईसारखी गप्प बाई त्या मुलखात दुसरी नव्हती. मेंढरांशी बोलायची तेवढंच. माणसांशी बोलायचं म्हटलं की तिच्या जिवावर यायचं. पण गप्प माणूस विसरभोळा असतो असं ज्याला वाटतं, त्यानं तिची ही हकीकत जरूर ऐकावी. महिपती मालकालाही तसंच वाटलं होतं.

हा महिपती म्हणजे सोलापूरच्या गिरण्यांना लाकूडफाटा पुरवणारा ठेकेदार. गावाबाहेरच्या तळ्याकाठी त्याची बागाईत होती, आणि बागाईतीत बंगली. अठ्ठावीस सालच्या चैतात केराबाईची त्रेचाळीस मेंढरं त्याच्या घासाच्या वाफ्यात शिरली. शिरली ती शिरली, त्यात खोटं काही नाही. केराबाईनं तिथल्या तिथं पदर पसरला, तिचा नवरा हरिबा पाया पडला. महिपतीनं मेंढरं आपल्या दगडी कोंडवाड्यात घातली, कुलूप ठोकलं, किल्ली करदोट्याला बांधली आणि सोयऱ्याच्या लग्नाला तीन दिवस कुर्डुवाडीला निघून गेला. जाताना राखणदार निंगप्पाला बजावलं, "कुलपाला कुणी हात लावला तर चौकीत उभं करीन."

चैताचं ऊन, वर छप्पर नाही, आत पाण्याचा थेंब नाही. भिंत दीड पुरुष उंच, वरून पाणी ओतलं तर तापल्या मातीत जिरायचं. दाराखाली बोटभर फट होती. केराबाई तीन दिवस त्या फटीतून तांब्यानं पाणी ओतत बसली. काळतोंडी म्हणून तिची एक लाडकी मेंढी होती, ती जीभ फटीला लावून ओलावा चाटायची. मग बाकीची तिच्या अंगावर चढायची. तिसऱ्या दिवशी ती जीभ फटीतच राहिली, हलली नाही. आणि तळं तिथून हाकेच्या अंतरावर होतं बरं का.

महिपती परत आला, दार उघडलं. सतरा मेली होती. हरिबा मटकन खाली बसला. महिपती नाकाला उपरणं लावून म्हणाला, "कुलूप होतं. कुलपाला मी काय करणार?" आणि आंघोळीला गेला.

हरिबानं त्या दिवसापासून जे अंथरूण धरलं ते सोडलंच नाही. आखाडाच्या आत आटोपला. केराबाई रडली की नाही ते कुणी पाहिलं नाही. उरलेल्या सव्वीस मेंढरांमागं ती पुन्हा चालायला लागली, आणि महिपतीचं ते वाक्य ती रोज मनात घोळवायची.

तीन वर्षं गेली. महिपतीला साहेबांची ओढ लागली. दसऱ्याला सोलापूरचे साहेबलोक बंगलीवर बदकं मारायला यायचे ठरले, म्हणून त्यानं मुंबईहून आगगाडीनं एक नाव मागवली. पांढरी, वर निळी पट्टी, टोकाला पितळी कडी. आमच्या कोरड्या मुलखात नाव म्हणजे बघायची वस्तू. माणसं मैंदर्गीहून बघायला आली. आता ती बांधायची कुठं आणि कशी, हे कुणाच्या बापालाही ठाऊक नव्हतं. काठाला बांधली तर पाणी हटलं की चिखलात बसणार. मालकाला ती बंगलीच्या सज्ज्यासमोर, पाण्याच्या मधोमध झुलताना दिसायला हवी होती.

निंगप्पा म्हणाला, "केराक्काला विचारा. एकवीसच्या दुष्काळात तळं आटलं तवा तिनं तळात मेंढरं चारलीत. तळ्याचा तळ तिला घरच्यावानी ठावं हाय."

केराबाईला बोलावणं आलं. महिपतीनं तिच्याकडं पाहिलं आणि विचारलं, "तू कुणाची गं?"

विसरला होता. सतरा मेंढरं, एक माणूस, सगळं विसरला होता. तोवर केराबाईच्या मनात फक्त राग होता. त्या घडीला बेत झाला. तिनं मनात सिद्धराम देवाची आण घेतली: ह्यानं पाणी किती चढतं हे विचारलं तर खरं सांगायचं, खोटं बोलायचं नाही. नाही विचारलं तर तोंड उघडायचं नाही.

जागा तिनं दाखवली. बंगलीच्या नेमकं समोर एक खोलगट डबरा होता. तळं आटत आलं तरी त्यात कमरेइतकं पाणी राहायचं. त्याच्या कडेला एक बाभळ होती, आणि पंचवीस साली हस्ताचा पाऊस मनासारखा झाला तेव्हा त्या बाभळीचा शेंडासुद्धा केराबाईला दिसला नव्हता. तीन पुरुष पाणी. महिपती म्हणाला, "झकास. हितंच." आणि विचारलं नाही. बाभळ दिसत होती समोर. तीही आड येते म्हणून बुंध्यातून तोडायला लावली.

तळ्याच्या बांधाचं काम झालं तेव्हाचं, चुना मळायच्या घाणीचं दगडी चाक बांधाच्या पाळीवर पडून होतं. मधोमध भोक असलेलं, चार माणसांना न हलणारं. जेठाच्या अखेरीला दोन बैलजोड्या लावून ते चाक गडगडत तळ्यात उतरवलं. भोकातून साखळी ओवली, एक टोक जखडलं आणि चाक डबऱ्यात आडवं पाडलं. ते गाळात असं बसलं की हत्ती आणला तरी निघालं नसतं. साखळी चांगली वीस हात होती. केराबाई कमरेइतक्या पाण्यात उभी होती. चार गडी, निंगप्पा, सगळे ऐकत असताना तिनं मोठ्यानं विचारलं, "मालक, साखळी किती सोडू?"

"पाण्यावर दोन हात. बैलाला कुणी वीस हात दावं देतं का? भटकंल कुटंबी."

गड्यांनी माना डोलावल्या. त्यांनीही जन्मभर बैलच बांधले होते. केराबाईनं दोन हात सैल ठेवून साखळी पितळी कडीतून ओढली, उरलेलं वेटोळं नावेत टाकलं. महिपतीनं स्वतः नावेत बसून कडीशी कुलूप घातलं. नाव चोरीला जाईल अशी त्याला धास्ती, कारण दुनिया चोर. किल्ली करदोट्याला बांधली. केराबाई बघत होती. त्या करदोट्यावरची तिची नजर हलेना.

पावसाळा आधी रडत रडतच गेला. पाणी मांडीभर चढलं, साखळीचा सैलपणा संपला. नवरात्र सरता सरता नावेचं टोक चार बोटं खाली गेलं. निंगप्पा केराबाईकडं आला. "केराक्का, नाव वाकाय लागलीया. साखळी सोडाय पायजे, व्हय ना?"

निंगप्पा गरीब माणूस. नाव बुडाली तर पहिली काठी त्याच्या पाठीत. तेव्हा कोंडवाड्याबाहेर तोही रडला होता, हे ती विसरली नव्हती. ती म्हणाली, "मालकाला इचार. एकल्यानं नगो. गडी हाजर असताना इचार."

निंगप्पानं सगळ्यांसमोर विचारलं. मालक साहेबांना आणायला सोलापूरला निघाला होता, तांग्यात एक पाय होता. तिथून नावेकडं पाहून म्हणाला, "टोक खाली हाय म्हणजे घट्ट बसलीया. वाऱ्यात डुलणार न्हाई." आणि वर बजावलं, "साखळीला कुणी हात लावला तर चौकीत उभं करीन."

केराबाई पाळीवर मेंढरं घेऊन उभी होती. तिसरी वेळ होती ही. तरी विचारलं नाही.

तांगा गेला आणि हस्त लागला. दोन दिवस, दोन रात्री धो धो कोसळला. वरच्या रानाचं सगळं पाणी तळ्यात आलं. सकाळी नावेचं टोक पाण्याशी टेकलं, दुपारी पाणी निळ्या पट्टीवरून आत शिरलं. गडी काठावर जमले. कुणी म्हणालं कुऱ्हाड आणा, कडी तोडू. निंगप्पा म्हणाला, "मालक काय बोलला ते ऐकलंत की समद्यांनी." कुऱ्हाड काही आली नाही. केराबाई दिवसभर तिथंच बसली, भाकरसुद्धा खाल्ली नाही. एखादं माणूस आपल्या लेकीचं लग्न बघतं तसं तिनं ते सगळं बघितलं. तिला बरं वाटत होतं, फार बरं वाटत होतं, उगाच खोटं कशाला सांगू.

तिसऱ्या दिवशी ऊन पडलं आणि साहेबलोक आले. सज्ज्यावर खुर्च्या मांडलेल्या. समोर तुडुंब तळं, आणि मधोमध बदक बुडी मारताना दिसतं तसं नावेचं ढुंगण तेवढं वर. त्याला निंगप्पानं आधीच बांधलेला झेंडूचा हार. एक साहेब हसला, मग दुसरा, मग मडमा. महिपतीचा चेहरा उतरला. तो तरातरा पाळीवर आला.

"साखळी का न्हाई सोडली रं?"

निंगप्पा खाली मान घालून म्हणाला, "किल्ली तुमच्या कमरंला हाय, मालक."

महिपतीचा हात आपसूक करदोट्यावर गेला. मग तो केराबाईवर उखडला. "जागा तू दावलीस. हितं पाणी किती चढतं?"

शेवटी विचारलं. तिनं आण पाळली. "तीन पुरुष, मालक."

"ठाऊक होतं तर तोंड शिवलं होतं का तुझं?"

केराबाई उठली. तीन वर्षं घोळवलेलं वाक्य होतं, अडखळली नाही. "कुलूप होतं, मालक. कुलपाला मी काय करनार?"

हे कुठंतरी ऐकलंय, असं महिपतीच्या तोंडावर उमटलं. त्यानं तिच्याकडं पाहिलं, मेंढरांकडं पाहिलं, पुन्हा तिच्याकडं. हळूहळू त्याचा हात करदोट्यावरून खाली आला.

"तू हरिबाची," तो म्हणाला.

"व्हय. सतरा होती," केराबाई म्हणाली. "आन् एक त्यो."

तिनं जिभेनं टक् टक् केलं. मेंढरं मालकाच्या पायाजवळून, दोन्ही बाजूंनी, तळ्यात उतरली आणि पाणी प्यायला लागली. त्यानं एकालाही हटकलं नाही.