आधणबाईंची सही

मे महिन्यात, अमरावतीत, भर दुपारी ज्या बाईच्या बादलीतून वाफा निघतात, तिच्याबद्दल राजापेठेत दोन मतं होती. बाईला ऊन लागलंय, हे पहिलं. तिच्याशी वाद घालू नका, हे दुसरं. पहिलं मत लोक मोठ्यानं बोलायचे, दुसरं हळू आवाजात.

नाव कमलबाई. धंदा खिडक्यांच्या काचा पुसण्याचा. फक्त काचा. धुणीभांडी नाही, फरशी नाही, पंखे नाहीत. माझ्या ओळखीच्या एका वकिलांनी एकदा चुकून विचारलं, बाई, आलाच आहात तर संडासही बघता का? कमलबाई म्हणाल्या, "डोळ्याच्या डाक्टरले तुमी दात काढाले सांगता का जी?" वकील त्या दिवशी कोर्टातही गप्पच होते म्हणतात.

माझी राजापेठेत दुसऱ्या मजल्यावर शिकवणी आहे, अकरावी-बारावीचं भौतिकशास्त्र. रस्त्याकडे आठ मोठ्या खिडक्या आणि बरोबर त्यांच्या खाली दिवसभर गिलावडे तळणारी गाडी. वर्षभरात त्या काचांवर तेलाचा आणि धुळीचा असा थर बसला, की बाहेर सकाळ आहे की संध्याकाळ हे मुलांना घड्याळात पाहावं लागायचं. तेव्हा या बाई पहिल्यांदा आल्या. नमस्कार नाही, पैशांचं बोलणं नाही. पहिलं वाक्य, "पलग कुठी हाय?" कापडी पिशवीतून त्यांनी पाणी तापवायचा रॉड काढला. बासरीवाल्यानं बासरी काढावी तसा, फडक्यात गुंडाळलेला.

आता मी पडलो मास्तर. समोर तीस मुलं. मी संधी सोडतो होय? मी फळ्यावर आकृती काढून सिद्ध केलं की खरं काम साबण करतो, पाण्याचं तापमान ही दुय्यम बाब. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "सर, तेलाची कढई तुमच्या घरी थंड्या पाण्यानं घासतेत का? मंग काचेनं काय घोडं मारलं?"

टाळ्या पडल्या. मला नाही, त्यांना. त्याच दिवशी मुलांनी त्यांचं नाव आधणबाई ठेवलं.

हार पचवायचा माझा स्वभाव नाही. पुढच्या खेपेला चार काचा पुसून झाल्यावर बाईंनी दुसरी बादली तापायला लावली आणि त्या चहाला खाली गेल्या. मी बटण बंद केलं आणि बादलीत माठातलं थंडगार पाणी ओतलं. बेत असा, की काचा चमकल्या की सगळ्यांसमोर जाहीर करायचं. बाई आल्या. पाण्यात बोटसुद्धा घातलं नाही. बादलीला बाहेरून हाताची पालथी बाजू लावली आणि वर्गाकडे पाहिलं. तीस मुलं तीस देवांसारखी निरागस. एकतिसावा मी. त्यांनी रॉड पुसला, फडक्यात गुंडाळला आणि म्हणाल्या, "सर, हे पाणी खोटं हाय." आणि गेल्या.

पंधरा दिवस अर्धा वर्ग उजेडात आणि अर्धा अंधारात शिकला. शेवटी मी बडनेऱ्याला त्यांच्या घरी गेलो. माफी मागितली. त्यांनी चहा दिला, म्हणाल्या, माफी कबूल आहे, पण उरलेल्या चार काचा तुम्ही पुसायच्या आणि मी बसून पाहणार. आणि बसल्या की! पहिल्या बाकावर, मुलींच्या शेजारी. मी शिडीवर, हातात चटका देणारं फडकं, आणि खालून सूचना: पाणी काचेवर फेकायचं नाही, फडक्यानं द्यायचं. थंडीच्या सकाळी गार काचेवर एकदम गरम पाणी पडलं तर काच तडकते. रबराची पट्टी एका दमात ओढायची. मग सगळ्या वर्गासमोर म्हणाल्या, "वरून खाली, सर. पाणी काय वर चढते?" भौतिकशास्त्राच्या मास्तरला! काचा मात्र अशा निघाल्या, की गिलावड्यावरची चटणी वरून दिसू लागली.

त्या दिवसानंतर आमची गट्टी जमली. बोलता बोलता एक गोष्ट कळली. शिकवणी, वकील, दवाखाने अशी स्वतःची कामं धरण्याआधी बाई बरीच वर्षं साफसफाईच्या एका एजन्सीत होत्या. सातवीपर्यंत शिकलेल्या, सही उत्तम येत होती, पण एकेक अक्षर जपून काढायच्या, त्याला वेळ लागायचा. हजेरीच्या वहीशी रांग असायची. सुपरवायझर त्यांच्यापुढे शाईचं पॅड सरकवायचा. रोज अंगठा. "सही येते मले," त्या म्हणाल्या, "पण सायबाले घाई." हे त्यांनी इतक्या थंडपणे सांगितलं, की या बाईंना थंड काहीतरी आवडतं असा मला पहिल्यांदाच संशय आला. पण ते थंड नव्हतं. आपल्या नावाचा कागद, त्यावर आपली सही, एवढं एक त्यांना हवं होतं आणि त्या ते विसरल्या नव्हत्या.

तीनेक वर्षांपूर्वी मी अकोल्याला दुसरी शाखा काढली. इमारत नवी, पुढून सगळी काच, मी तिथं नुसता एक भाडेकरू. इमारतीच्या मॅनेजरला मी कमलबाईंचं नाव सुचवलं. वर्षाचं काम होतं आणि रीतसर करार होता. बाई अमरावतीहून माझ्याबरोबर एसटीनं आल्या. अंगावर इस्त्रीची साडी, पिशवीत रॉड, आणि पदराला लावलेलं नवं कोरं पेन.

मॅनेजरनं परीक्षा घेतली. एक काच त्याच्या माणसांनी फवाऱ्यानं आणि थंड पाण्यानं पुसायची, शेजारची बाईंनी. दोन्हींवर कबुतरांनी मनापासून काम केलेलं. त्याची माणसं नखांनी खरवडत होती. बाईंनी गरम फडकं काचेवर नुसतं धरून ठेवलं, शंभरेक आकडे मोजेपर्यंत, आणि सगळं लोण्यासारखं उतरलं. मॅनेजर प्रामाणिक होता. म्हणाला, ताई, काम तुमचंच चांगलं. फक्त इमारतीत रॉड लावायचा नाही, असा नियम आहे. तसाही अकोल्यात मे महिन्यात टाकीतल्या पाण्यानं हात भाजतो, वेगळं तापवायला कशाला हवं?

बाई म्हणाल्या, "मे झाला का डिसेंबर बी येते, सायेब."

तो हसला आणि त्यानं करार पुढे केला. बाईंनी तो उभ्यानं वाचायला घेतला. बोट ओळीखालून सरकत होतं. मॅनेजरनं दोनदा घड्याळ पाहिलं, मी दोनदा त्याच्याकडे. चौथ्या कलमाशी बोट थांबलं. "थंड पाण्याने व साबणाने." बाईंनी पदराचं पेन काढलं, "थंड" शब्दावर रेघ मारली, वर "गरम" लिहिलं, खाली सावकाश सही केली आणि कागद परत दिला.

मॅनेजर गडबडला. छापील करारात असा बदल चालत नाही म्हणाला आणि दुसरी प्रत काढून आणली. तीच कलमं, तोच शब्द. मी बाईंना बाजूला घेतलं. माझं डोकं अशा वेळी फार सुपीक चालतं. म्हटलं, सही करून टाका. समोर चहाची टपरी आहे, तिथून बादलीभर गरम पाणी आणत जाऊ. कागदावर थंड, काचेवर गरम. कोण बघतंय?

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, त्या माठाच्या पाण्याच्या दिवशी पाहिलं होतं तसंच.

"सही माही हाय ना, सर? मंग थे लबाडीवर कशी करू?"

मॅनेजर अजून समजावत होता. ताई, एका शब्दासाठी वर्षाचं काम घालवता का? बाईंनी कोरी प्रत टेबलावर ठेवली. "शब्द तुमचा हाय, सायेब. काम माहं हाय." आणि रेघ मारलेली प्रत घडी करून पिशवीत टाकली. ती माझी आहे म्हणाल्या, तिच्यावर माझी सही आहे.

परतीच्या एसटीत त्यांच्यापेक्षा मीच जास्त धुमसत होतो. मूर्तिजापूर येईपर्यंत बाई खिडकीबाहेर पाहत बसल्या. काम गेल्याचं त्यांना लागलं होतं, ते दिसत होतं. मग एकदम म्हणाल्या, "तुमच्या आठ काचा हायेत. त्याचा कागद करता का?" मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी शिकवणीच्या लेटरहेडवर मी करार लिहिला. त्या सांगत गेल्या. पाणी गरम राहील. पलग वर्ग पुरवील. दोघांच्या सहीशिवाय करार मोडणार नाही. हे शेवटचं कलम माझं, मला कायद्याचं थोडं वेड आहे. मी झटकन सही ठोकली. त्यांना पाच मिनिटं लागली. "क"च्या वळणाला थोडं थांबल्या. तासाची वेळ झाली होती, मुलं दारात उभी होती. एकही आत आलं नाही. सही पुरी झाल्यावर त्यांनी कागद लांब धरून पाहिला, आणि राजापेठेनं कधी पाहिला नसेल असा चेहरा मी पाहिला.

त्या करारावर त्यांनी दोन वर्षं काम केलं. मग खांदा गेला. हात वर जाईना. मुलगी परतवाड्याला असते, तिनं बोलावून घेतलं. जाण्याआधी बाई प्लास्टिकच्या पिशवीत तो कागद घेऊन आल्या. खाली लिहून आणलं होतं: "काम बंद. माझ्या मर्जीनं. कोनी काढलं नाई." त्याखाली सही. शेजारी माझ्यासाठी जागा सोडलेली.

मी म्हटलं, ठेवा, करतो. कागद ठेवून घेतला.

ती सही मी आजपर्यंत केलेली नाही. दर महिन्याला परतवाड्याहून फोन येतो. मागच्या आठवड्यातही आला.

"सर, सही केली का?"

"नाही."

"काहून?"

"दोघांच्या सहीशिवाय करार मोडत नाही, बाई. कलम आहे."

 

"म्हंजे मी कामावरच हाय अजून."

"हाव," मी म्हटलं.

"मंग ध्यानात ठेवा. माह्या काचाईले कोनाले थंडं पाणी लावू देऊ नोका."