कोरड्या आखाताचा खडक

छाया आणि ईश्वरी एकाच वर्गातल्या. पुण्यात दोघींनी जिऑलॉजी केलं आणि दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एकाच लॅबमध्ये लागल्या. टॉवर बांधण्याआधी जमिनीतून काढलेले खडकाचे दांडके, म्हणजे कोअर, मशीनखाली दाबून फोडायचे आणि ते किती जोर सोसतात ते कळवायचं, हे त्यांचं काम. २००८ची मंदी आली, टॉवर अर्धवट थांबले, आणि मॅनेजरने दोघींपैकी एकीलाच ठेवलं. छायाला. एअरपोर्टवर मैत्रिणीला निरोप देताना मनातून हायसं वाटलं होतं, ते छाया कुणाजवळ बोलली नाही.

काही वर्षांनी ईश्वरी परतली ती डॉक्टरेट घेऊन, शारजाच्या एका युनिव्हर्सिटीत व्याख्यान द्यायला. छाया लेकीला, अस्मीला घेऊन गेली. ईश्वरी जहाजांवरून हिंडली होती, खोल समुद्रातला गाळ तपासत. ती सांगत होती, पृथ्वीची कक्षा हजारो वर्षांत कधी गोल तर कधी लांबट होते, आस कमीजास्त कलते, भोवऱ्यासारखी डुलते. ऊन कुठे, कधी पडतं ते बदलतं आणि हिमयुगं येतात-जातात. अस्मी डोळे विस्फारून ऐकत होती. घरी आईच्या कामाबद्दल तिने कधी एक शब्द विचारला नव्हता.

छायाला राहवलं नाही. ती उभी राहिली. “उन्हात एवढासा फरक पडतो आणि त्याने जग गोठतं? मला नाही पटत.”

ईश्वरीचा चेहरा उजळला. “नेमका प्रश्न. ऊन फक्त सुरुवात करतं. मग गार समुद्र हवेतला कार्बन ओढून खोल पोटात ठेवतो, आणि गारठा आणखी वाढतो. हिमयुगात एवढं पाणी बर्फात अडकलं की आपलं हे आखात कोरडं पडलं होतं. तळाची शिंपल्यांची वाळू वाऱ्याने उडाली, तिचाच खडक दुबईखाली आहे.”

टाळ्या तिला मिळाल्या. “मम्मा, शी इज अमेझिंग,” अस्मी म्हणाली.

चहाच्या वेळी ईश्वरीने लॅबमधले न फोडलेले जुने कोअर अभ्यासासाठी मागितले.

“ते खलास. लॅबमागचं यार्ड रिकामं केलं,” छाया म्हणाली. कोअरच्या पेट्या यार्डातच ताडपत्रीखाली होत्या.

दुसऱ्या दिवशी तिने एक पेटी उघडली आणि कोअर भिंगाखाली धरला. शिंपल्यांचे बारीक कण तिरक्या थरांत बसले होते, वाऱ्याने टाकले तसे. असे किती दांडके तिने आजवर फोडले होते! तिने ईश्वरीला फोन लावला.

“कोअर आहेत. मी खोटं बोलले.”

“का गं?”

“तुझा हेवा वाटला म्हणून.”

“तुला ठेवलं तेव्हा मी वर्षभर तुझ्यावर जळत होते,” ईश्वरी म्हणाली.

“कोअर देते. पण कापणार मी आणि तपासायलाही मी बसणार.”

पुढे दोघींचा शोधनिबंध छापून आला. अस्मीने त्याचं पहिलं पान फ्रिजवर लावलं. ईश्वरीचं नाव पहिलं होतं, छायाचं दुसरं. दूध घ्यायला गेली की छायाची नजर आधी पहिल्या नावावर जायची.