सायकलचे कुत्ते

सायकलच्या मागच्या चाकाला फ्रीव्हील असतं. त्याच्या आत दोन बारीक लोखंडी खिट्ट्या असतात. पायडल मारलं की त्या दात्यांत अडकतात आणि चाक ओढतात. आमच्या भागात सायकलवाले त्यांना कुत्ते म्हणतात. कुत्ते झिजले की पायडल नुसतं गरगर फिरतं आणि सायकल जागची हलत नाही. हे शहाणपण मला रस्त्यातच आलं. एप्रिलचं ऊन होतं आणि लसीचा डबा कॅरिअरला बांधलेला होता.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आरमोरीच्या अलीकडच्या एका आरोग्य केंद्रात मी नर्स होते. महिन्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, नाल्यापलीकडच्या शेवटच्या गावात पोरांना लस टोचायला जायचं. सकाळी डब्यात बर्फ भरून निघालं की दुपारपर्यंत टोचणं संपलं पाहिजे. बर्फाचं पाणी झालं की लस फेकून द्यायची, मग समोर दहा पोरं बसलेली असोत की एक.

त्या दिवशी अर्धा रस्ता मी सायकल हातात धरून चालले. पोहोचले तेव्हा डब्यात कोमट पाणी होतं. बाया मोहफुलं वेचायचं सोडून सकाळपासून पोरांना मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी डबा उघडून दाखवला. त्यांच्यातली म्हातारी उठली. गावातली अर्धी पोरं तिनेच जन्माला घातलेली, म्हणजे सुईण म्हणून. तिने विचारलं, "काऊन उशीर झाला, बाई?"

"सायकलचे कुत्ते खराब झाले," मी म्हणाले.

"कुत्ते?"

"हो, कुत्ते."

तिने मान हलवली. "पुढच्या बारीले असं झालं तं या बाया नाई येनार. मीबी नाई सांगनार त्याह्यले."

तिचं खरं होतं. मेनंतर नाल्याचा भरवसा नाही. एकदा भरला की दिवाळीपर्यंत ते गाव नर्सच्या कामाचं राहत नाही. मेची फेरी चुकली तर त्या पोरांचं पावसाळ्यात जे व्हायचं ते होणार, आणि मी केंद्रात बसून अहवाल लिहिणार.

आरमोरीतल्या सायकलवाल्याने चाक फिरवून पाहिलं आणि निकाल दिला. "कुत्ते तं बदलून देतो. पन फ्रीव्हीलचे दाते गेले, समोरचं पायडलचं चक्कर गेलं, चेन ढिली झाली. तिन्ही बदला."

"कंपनीचे सुटे भाग आहेत?"

"कंपनीचे नागपूरहून बोलवा लागते. महाग पडन. हे घ्या ना, ओरिजनल डुप्लिकेट."

"म्हणजे काय?"

"म्हंजे डुप्लिकेटच हाय, पन ओरिजनल. डुप्लिकेटचं डुप्लिकेट नोहे."

असल्या माणसाशी काय बोलायचं? त्या दिवशी फक्त कुत्ते बदलून घेतले आणि घरी आले. घरी नवरा होता. तो शाळेत मास्तर, म्हणून प्रत्येक विषयावर त्याचा एक धडा तयार असायचा.

"डुप्लिकेटच्या नादी लागू नको. मी भीमजयंतीले चंद्रपूरले जाऊन राह्यलो. तिथून कंपनीची चेन आनतो. चेन चांगली असली की समदं चांगलं."

"तो तिन्ही बदला म्हणाला."

"त्याले माल खपवाचा आहे."

जयंती करून तो चेन घेऊन आला. खोक्यावर नावाजलेल्या कंपनीचं चित्र. घरात ते खोकं चार दिवस कपाटावर मिरवलं, जसं काही बक्षीस मिळालं होतं. चेन बसवली आणि सायकल आधीपेक्षा वाईट चालायला लागली. जोर दिला की कट्‌, परत कट्‌, आणि पाय एकदम खाली. एकदा चढावर चेन अशी उडाली की गुडघा हँडलवर आपटला. साडीला ऑइलचा पट्टा लागला तो कधी गेला नाही.

नवरा म्हणाला, फ्रीव्हील खराब. सायकलवाला म्हणाला, "चेन माह्याकडची हाय का? जिथून आनली तिथी जा." मे महिना लागला होता. दोन पुरुष एकमेकांच्या मालाला नावं ठेवत होते आणि सायकलवर बसायचं होतं मला.

शेवटी एका रविवारी मी अंगणात सायकल उलटी केली आणि रॉकेलमध्ये चिंधी बुडवून दाते पुसले. मळ निघाल्यावर दिसलं ते सरळ होतं. दाते झिजून बोरीच्या काट्यासारखे वाकडे झाले होते. नवी चेन त्यांच्यावर बसतच नव्हती, वरवर टेकत होती. जुनी चेन त्यांच्यासोबतच झिजली होती, म्हणून तिचं कसंबसं चालत होतं. एवढं पाहायला ना चंद्रपूर लागत होतं ना मास्तरकी.

मग खोकं उघडलं. लसीच्या बाटलीवरचं नाव वाचल्याशिवाय मी सुई भरत नाही, तीच सवय. खोक्यावर कंपनीचं नाव ठळक. चेन बसवताना कापून उरलेला तुकडा आत होता, त्याच्या एकेक कडीवर शोधलं. एकाही कडीवर काही नाही. कोरी. कंपनीच्या खोक्यात भलताच माल घालून कोणीतरी नवऱ्याला विकला होता.

"हे तुझं ओरिजनल," मी म्हणाले.

त्याने चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. "खोकं तं ओरिजनल आहे ना," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सायकलवाल्याकडे गेले आणि सांगितलं, जेवढे डुप्लिकेट असतील तेवढे काढ. त्याने पाच-सहा खोकी मांडली. काहींवर मोठ्या कंपनीचं नाव एखादं अक्षर बदलून छापलेलं. ती मी आधीच बाजूला सारली. नावातच लबाडी करणारा लोखंडात काय सोडणार? राहिलं एक मळकट खोकं. नाव कधी न ऐकलेलं, चित्रही धड नाही. पण जे नाव खोक्यावर, तेच फ्रीव्हीलवर, तेच चक्करवर, तेच चेनच्या कड्यांवर. स्वस्तातला माल, पण आपलं नाव सांगायला लाजत नव्हता.

चक्कर काचेच्या टेबलावर आडवं ठेवून डुगडुगतं का पाहिलं. फ्रीव्हील कानाशी धरून उलटं फिरवलं. टिकटिक एकसारखी येत होती.

"नवरी पाहून राह्यल्या का, बाई?" सायकलवाल्याने विचारलं.

"नवरी पाहताना एवढं कोणी पाहत नाही. तिन्ही दे, एकाच नावाचे. आणि ही चेन उतरव."

"ही कंपनीची उतरवू?"

"उतरव."

नवऱ्याने ती चेन पुढे विहिरीच्या झाकणाला कुलूप घालायला वापरली. तिथे ती चांगली टिकली.

मेच्या फेरीला सायकल अशी पळाली की नाल्याची वाळू सोडली तर कुठेच उतरावं लागलं नाही. गावात शिरले तेव्हा ऊन नुकतं वर आलं होतं. डबा उघडला. बर्फ जसाच्या तसा. आणि गावात चिटपाखरू नाही. नुसती कुत्री भुंकत होती. एरवी मोकाट फिरणारी, आज प्रत्येक दारात खुंट्याला बांधलेली.

म्हातारी घरातून डोळे चोळत आली. "एवढ्या लवकर काऊन आल्या?"

"बाया कुठे आहेत?"

"तेंदूपत्ता तोडाले गेल्या. तुमी दुपारपावतर येता म्हनून म्या सांगतलं, आधी पाला आना."

मी कपाळावर हात मारला. एवढी यातायात करून मी वेळेवर आले, आणि गाव माझ्या उशिरावर विसंबून बसलं होतं.

"आन कुत्ते बांधले समदे," ती अभिमानाने म्हणाली. "मागच्या बारीले कुत्त्यायनं तरास देल्ला ना तुमाले."

"ते कुत्ते सायकलचे होते, आजी."

"हो ना. सायकलच्या मांगं धावतेच ते."

पुढे काही समजावलं नाही. तिला म्हणाले, बर्फ दुपारपर्यंत टिकेल, तेवढ्यात बाया आण. ती जंगलाच्या कडेला जाऊन हाका मारायला लागली. तिचा आवाज नाल्यापलीकडे जाईल असा होता. थोड्या वेळाने डोक्यावर पाल्याचे भारे घेऊन बाया आल्या, घामाने निथळत, माझ्यावर चिडलेल्या.

"टाइमावर याचं होतं तं सांगाचं तरी!" एक जण भारा आपटत म्हणाली.

पण त्या आल्या. एकेक पोर पुढे करत गेल्या, आणि शेवटची सुई टोचली तेव्हा डब्यात अजून बर्फाचे खडे वाजत होते. नाला भरायच्या आत एवढं झालं.

त्या गावात मी पुढे बरीच वर्षं गेले. मळकट खोक्यातली ती चेनही बरीच टिकली. पण माझ्या फेरीच्या दिवशी कुत्री बांधायची पद्धत काही मोडली नाही. मग ती कुत्री सकाळपासून भुंकायची आणि पोरांना कळायचं की नर्स येणार. मी सायकल झाडाला टेकवायच्या आधीच सगळी पोरं रडायला लागलेली असत.